सांगून विकलेलं घर

माईंचं विकायला काढलेलं घर दाखवायला एजंट विशाल पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, नेहमी दुपारीच बोलवायचा. त्या वेळी कामतघरची वसुधा सोसायटी झोपलेली असायची. मुलं शाळेत, बायका जेवणं उरकून आडव्या झालेल्या आणि वॉचमन खुर्चीत मान टाकून पेंगत बसलेला. पार्टीला गेटपाशी रेंगाळू द्यायचं नाही, हा विशालचा नियम. 'चला, आधी घर बघू, आवार काय नंतर बघता येईल,' असं म्हणत तो त्यांना थेट लिफ्टमध्ये घालायचा आणि घर बघून झालं की तसंच खाली आणून गाडीत बसवायचा. जिन्यात कुणी शेजारी भेटलंच, तर तो उगाच मोठ्याने पाण्याच्या दाबाबद्दल बोलायला लागायचा.

याला कारण होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात दीड वर्षापूर्वी माईंचा मुलगा शार्दूल गेला होता. मानकोलीच्या एका गोदामात तो सुपरवायझर होता. रात्रपाळी करून एका सकाळी घरी आला, चहा प्यायला, 'जेवायला उठव गं' म्हणाला आणि झोपला. माई उठवायला गेल्या तेव्हा अंग गार पडलेलं होतं. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय अवघं एकोणतीस.

माई शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त झालेल्या. नवरा शार्दूलच्या लहानपणीच गेला होता. मुलगी रुचिरा नाशिकला असते. ती आईला एकटी ठेवायला तयार नव्हती, म्हणून घर विकायला काढलं आणि ते काम विशालकडे आलं.

विशाल मानकोलीजवळच्या गावातला. बापाच्या शेतावर गोदामं उभी राहिली तेव्हा आलेल्या पैशातून भावांनी गाड्या घेतल्या आणि विशालने कामतघरच्या रस्त्यावर एक गाळा घेऊन एस्टेट एजंटची पाटी लावली. माणूस वाईट नव्हता. कुणाला फसवून बुडवलं, असं त्याने कधी केलं नव्हतं. पण धंद्यातल्या जुन्या लोकांकडून तो एक गोष्ट शिकला होता, की प्रत्येक घरात एक सांगायची नाही अशी गोष्ट असते. कुठे पाणी एक दिवसाआड येतं, कुठे मागच्या भिंतीला लागून कापडाचे लूम चालतात आणि रात्रभर खडखडाट असतो, कुठे वरच्या मजल्याचं बाथरूम गळतं. ती गोष्ट टोकन हातात पडेपर्यंत पार्टीच्या कानावर जाऊ द्यायची नाही, एवढं जमलं की दलाली जमली.

माईंच्या घरातली न सांगायची गोष्ट म्हणजे शार्दूल.

पहिल्याच वेळी विशाल हॉलमधल्या भिंतीकडे बघून चाचरत म्हणाला होता, "माई, पार्टी यायच्या आधी तेवढा फोटो… म्हणजे लोक विचारतात ना, कोण, काय, कधी. मग उगाच विषय निघतो."

माईंनी स्टूल ओढलं. स्टुलावर चढल्या, हार घातलेला फोटो उतरवला, पदराने पुसला आणि आतल्या कपाटात गोधडीखाली ठेवला. विशालने त्या खिळ्याला एका पतपेढीचं कॅलेंडर अडकवलं. पार्टी गेली की माई कॅलेंडर काढून फोटो परत लावायच्या. पुढच्या पार्टीला परत तेच. हळूहळू पार्टी येतेय असा विशालचा फोन आला, की माई न सांगताच स्टूल ओढायच्या.

घर सगळ्यांना आवडायचं. दोन बेडरूम, खिडकीतून लांबवर तलावाचं पाणी दिसायचं, वारा यायचा. पार्टी खुशीत जायची. आणि मग दोन-तीन दिवसांनी फोन यायचा, 'घरच्यांना नाही पसंत पडलं.' विशालने कितीही दुपारी आणलं, तरी लोक संध्याकाळी स्वतःचे परत यायचे, वॉचमनला चहा पाजायचे, किराणावाल्याला विचारायचे. आणि तिथे जे कळायचं ते शार्दूलच्या मरणापेक्षा भलतंच असायचं. एजंट लपवतोय म्हणजे काहीतरी तसंच असणार, असं धरून लोक बोलायचे. आधी 'पोरगा अचानक गेला' होतं. मग 'काहीतरी खाल्लं म्हणे' झालं. वॉचमन तर एका पार्टीला म्हणाला होता, "साब, मैंने देखा नहीं, पर बोलते हैं पंखे से…"

हे विशालला माहीत होतं. पण खोडून काढायचं, तर आधी मुलगा गेल्याचं कबूल करावं लागलं असतं. म्हणून तो गप्प राहायचा.

धंदा तसाही बदलला होता. पूर्वी भाव काय चाललाय ते एजंटलाच ठाऊक असायचं, घराचा पत्तासुद्धा तो गाडीत बसवल्यावर सांगायचा. आता पार्टी यायच्या आधीच तिच्या मोबाइलवर सगळं असतं. कार्पेट एरिया किती, इमारत किती जुनी, एजंटचा नोंदणी क्रमांक खरा का खोटा. शेजारचा फ्लॅट गेल्या वर्षी कितीला गेला तेही नोंदणी खात्याच्या साइटवर कुणीही काढून बघतं. विशालनेही माईंचं घर एका मोठ्या पोर्टलवर टाकलं होतं, चांगले उजेडातले फोटो काढून.

त्याच पोर्टलने यंदा एक नवीन सोय केली. प्रत्येक घराच्या जाहिरातीखाली 'रहिवासी काय म्हणतात' असा रकाना. आसपासच्या लोकांनी पाण्याबद्दल, पार्किंगबद्दल लिहायचं. विशालने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी ठाण्याची एक पार्टी घर बघायला येणार होती. नवरा-बायको दोघंही बँकेतले, कर्ज मंजूर झालेलं, घाईत असलेले. विशाल गेटवर उभा होता तेवढ्यात त्या माणसाचा फोन आला.

"आम्ही येत नाही. तुमच्या जाहिरातीखाली काय लिहिलंय ते वाचलंत का तुम्ही? हे आधी सांगायला काय झालं होतं?"

विशालने घाईघाईने मोबाइल उघडला. रकान्यात एकच अभिप्राय होता.

'या घरात एका मुलाने गळफास घेतला आहे. एजंट लपवतो. चौकशी करून घ्या.'

त्याचं डोकं सणकलं. तिथेच गेटपाशी उभं राहून त्याने पोर्टलला फोन लावला, हे काढून टाका म्हणून भांडला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तक्रार नोंदवून घेते, तपासायला वेळ लागेल. तोवर मजकूर चुकीचा असेल तर मालक खाली उत्तर देऊ शकतात."

"मालक काय उत्तर देणार? मालकीण म्हातारी बाई आहे."

"सर, त्या देऊ शकतात."

तो वर गेला. दार उघडंच होतं. खिळ्याला कॅलेंडर लागलेलं होतं. माई इस्त्रीची साडी नेसून, केस नीट करून सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. टीपॉयवर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले.

"आले नाहीत का अजून?"

"नाही येत ते, माई. त्यांचं काहीतरी काम निघालं."

माईंनी चाळीस वर्षं वर्गातली पोरं बघितली होती. त्या म्हणाल्या, "विशाल, मोबाइल दे इकडे."

त्याने टाळाटाळ केली, पण मग दिला. माईंनी चष्मा लावला आणि वाचलं. परत एकदा वाचलं. मग त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला.

"गळफास," त्या म्हणाल्या. खाली कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. "माझ्या पोराने? हे खोटं आहे, विशाल."

"मला माहितेय ना, माई. कुणीतरी फालतू…"

"तुला माहितेय." त्यांनी मान वर केली. "तुला सगळं माहीत आहे. मग इतक्या लोकांना तू घर दाखवलंस, त्यातल्या एकाला तरी खरं सांगितलंस का?"

विशाल भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

"मीही नाही सांगितलं," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू फोटो काढायला सांगितलास, मी काढला. एकदा नाही, इतक्या वेळा. दर वेळी त्याला गोधडीखाली घालताना मला वाटायचं, याने काय गुन्हा केलाय? माणसं माझ्या घरात येतात, स्वयंपाकघर बघतात, संडास बघतात, कपाटं उघडतात, आणि माझा मुलगा तेवढा दिसता कामा नये. आता बघ. आपण बोललो नाही, म्हणून लोक आपल्या मनाने बोलले."

त्या उठल्या. कॅलेंडर काढलं, आतून फोटो आणला. स्टुलावर चढायला लागल्या तसा विशाल पुढे झाला आणि त्यानेच तो खिळ्याला लावला. शार्दूल फोटोत कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून हसत होता. इतक्या महिन्यांत विशालने तो फोटो नीट असा आजच पाहिला.

"आता लिही, मी सांगते," माई म्हणाल्या.

"माई, खाली उत्तर देऊ फक्त. दोन ओळी."

"खाली नाही. वर. जिथे तू 'तलाव दिसणारं प्रशस्त घर' लिहिलंयस ना, तिथे."

"मग फोन येणारच नाहीत. मी धंद्यातला माणूस आहे, ऐका माझं."

"आत्ता येणाऱ्या फोनांचं काय झालं ते बघतोच आहोत की. लिही."

माईंनी सांगितलं तसं त्याने लिहिलं. शुद्धलेखन त्यांनी दोनदा तपासलं. 'या घरात माझा मुलगा शार्दूल राहत होता. तो रात्रपाळी करून आला, झोपला आणि झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं. त्याने स्वतःला काहीही करून घेतलेलं नाही. घर हवेशीर आहे, पाणी दोन्ही वेळा येतं. कुणाला काही विचारायचं असेल तर शेजाऱ्यांना जरूर विचारा, पण मलाही विचारा. — माई.'

विशालने बटण दाबलं, तेव्हा चालत्या गाडीचं स्टिअरिंग सोडल्यासारखं त्याला वाटलं.

रात्री रुचिराचा नाशिकहून फोन आला. तिने वाचलं होतं. ती आधी चिडली, "आई, शार्दूलचं असं जगाला कशाला सांगायचं?" मग रडली आणि शेवटी म्हणाली, "बरं झालं. मला पण ऑफिसात एकीने विचारलं होतं, खरंच त्याने काही केलं का म्हणून. मी तुला सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरची भावना वर आली. नवीन भाडेकरू, वर्षभरापूर्वी आलेली, कडेवर मूल. दारातच उभी राहिली.

"काकू, ते मी लिहिलं होतं. मला सगळ्यांनी तसंच सांगितलं होतं. मला वाटलं, कुणीतरी फसेल बिचारं. तुमचं वाचलं आणि काढून टाकलं मी."

"मला विचारायचंस की गं," माई म्हणाल्या.

"असं कसं विचारणार काकू तुम्हाला?"

"असंच. आत ये. मूल घेऊन उभी नको राहूस."

भावना त्या दिवशी तासभर बसली. पुढे अधूनमधून यायला लागली. आणि तिच्यामागून इतरही. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे दीड वर्षं लिफ्टमध्ये माईंशी फक्त हवेबद्दल बोलत होते, ते एकदा येऊन म्हणाले, "माझा पुतण्या पण असाच गेला हो." इतके दिवस सोसायटी माईंना सांभाळून घेत होती, म्हणजे टाळत होती. ते आता संपलं.

घराचे फोन मात्र आटले. तीन आठवडे विशालला एकही आला नाही. मग एक आला तो कल्याण नाक्यावरच्या एका माणसाचा. असलीच घरं घेऊन ठेवणारा. सोफ्यावर ऐसपैस बसून तो माईंना म्हणाला, "मावशी, अशी घरं सहसा जात नाहीत. मी घेतो, तुमच्यासाठी म्हणून. पण भाव निम्म्यावर यायला लागेल."

विशालने तोंड उघडायच्या आत माई म्हणाल्या, "याच इमारतीतली दोन घरं यंदा विकली गेली. कितीला गेली ते सरकारी साइटवर आहे. माझ्या मुलीने मला काढून दाखवलं. त्यापेक्षा थोडं कमी मी धरलेलं आहे. अजून कमी करणार नाही."

"पण त्या घरांमध्ये कुणी…"

"या घरात माझा मुलगा गेलाय. घर नाही गेलं."

तो माणूस गेल्यावर विशाल जिना उतरता उतरता हसला. एरवी अशा वेळी त्यानेच माईंना समजावलं असतं, की माई, आलेलं गिऱ्हाईक सोडू नका. आज त्याची गरजच पडली नाही. आणि हलकं वाटलं ते वेगळंच.

गणपती झाल्यावर एका मुलीचा फोन आला. दिशा म्हणून. मानकोलीला एका लॉजिस्टिक पार्कमध्ये ऑफिसात पाळ्यांमध्ये कामाला होती. गाव वज्रेश्वरीजवळचं अकलोली.

"दादा, मी जाहिरात पूर्ण वाचलीय," ती म्हणाली. "आईला पण वाचून दाखवलीय. ती म्हणते, मला त्या बाईंना भेटायचंय. कधी येऊ?"

"तुम्हाला जमेल तेव्हा या," विशाल म्हणाला, आणि आपण दुपारची वेळ दिली नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

त्या रविवारी सकाळी मायलेकी आल्या. सोसायटी पूर्ण जागी होती. गाड्या धुणं चाललेलं, पोरं क्रिकेट खेळत होती, भावना कपडे वाळत घालत होती. दिशाची आई आनंदीबाई गेटपाशीच थांबली, वॉचमनशी बोलली, एका पोराला नाव विचारलं, भावनाला हात केला. विशाल बाजूला उभा राहून बघत होता. घाई करायचं काही कारणच नव्हतं. कुणी काय सांगेल याची भीती नसली, की गेटपाशी उभं राहणं किती सोपं असतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

वर आल्यावर दिशा मोबाइलवर मोजमापं घेत खोल्या बघायला लागली. आनंदीबाईंनी घर बघितलंच नाही. सरळ फोटोसमोर गेल्या, हात जोडले आणि माईंना विचारलं, "बाई, पोर कुठल्या खोलीत गेला?"

विशालने चमकून माईंकडे पाहिलं. दिशाही वळून म्हणाली, "आई!"

पण माईंचा चेहरा बदलला तो वेगळ्याच तऱ्हेने. कुणीतरी जड पिशवी हातातून घ्यावी तसा. "या, दाखवते," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीत खिडकीखाली पलंग होता. माई त्याच्या कडेला टेकल्या आणि सांगत गेल्या. तो कसा आला, चहात साखर कमी झाली म्हणून कसा कुरकुरला, ऊन लागतं म्हणून पडदा ओढून घेतला. त्यांनी आमटीला फोडणी दिली, हाक मारली, परत हाक मारली. मग लहानपणचं निघालं. पाचवीत गणितात नापास झाल्यावर तलावाकाठी जाऊन बसला होता ते. पहिल्या पगारात आईला मिक्सर आणला ते. आनंदीबाई शेजारी बसून "हां", "अगं बाय", "मंग?" म्हणत होत्या. माई मध्येच रडल्या, मध्येच हसल्या.

विशाल हॉलमध्ये ऐकत होता. या घराचा कोपरा न् कोपरा त्याने मोजला होता, आणि शार्दूलने पहिल्या पगारात मिक्सर आणला होता हे त्याला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर आनंदीबाई म्हणाल्या, "बाई, मना भ्या वाटतंय थोरा, खोटं कशाला बोलू? ही रातपालीला गेली का मी एकलीच घरान. पन म्हाईत असलेला भ्या बरा. आमच्या गावान एकान घर घेतला, तवा कोन काय बोलला न्हाय. मागून समजला आन् बिचारी बाई कवा झोपलीच न्हाय त्या घरान. तुमी तर आदीच सांगून मोकल्या झाल्या."

"त्या खोलीत तुम्ही काय करणार?" माईंनी विचारलं.

"देव मांडीन," आनंदीबाई लगेच म्हणाल्या. "आन् तिकरंच दुपारची आरवी होईन. खिरकीचा वारा बेस येतंय."

माई हसल्या. "त्यालाही त्याचसाठी आवडायची ती खोली."

त्या दोघी गेल्या तरी किमतीचं बोलणं अजून राहिलंच होतं. विशालने सवयीप्रमाणे मनात धरलं, आता दोन-तीन दिवसांनी तो फोन येणार. सोमवार गेला. मंगळवारी सकाळी तो दाढी करत असताना मोबाइल वाजला, पडद्यावर दिशाचं नाव. 'घरच्यांना नाही पसंत पडलं' हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं, की ते त्याच्या कानात आधीच वाजलं. साबणाच्या हाताने त्याने फोन घेतला.

"दादा, पाणी सकाळी किती वाजता येतं हो? आई विचारतेय. आणि बँकेला कागदपत्रं कधी देऊ?"

विशाल तसाच पाटावर बसला. बायकोने आतून विचारलं, "काय झालं? कोन गेला?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे."

बँकेने वेळ घेतला, सोसायटीच्या ना हरकत पत्रासाठी सेक्रेटरीने फेऱ्या मारायला लावल्या, पण दिवाळीनंतर व्यवहार नोंदवला गेला. भाव ठरवताना कुणी कुणाच्या पाठीमागे काही बोललं नाही. साइटवरचे आकडे मध्ये ठेवून दोघी बायकाच बोलल्या आणि विशालने फक्त चहा सांगितला. त्याला त्याची दलाली मिळाली. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर दिशा त्याला म्हणाली, "दादा, माझ्या मैत्रिणीला घर बघायचंय. ती म्हणते, तुमच्याकडूनच. तुम्ही आधी सगळं सांगता म्हणे."

'म्हणे' ऐकून विशालला जरा लाजच वाटली; सांगितलं होतं ते माईंनी. पण त्यानंतर त्याने एक केलं. त्याच्याकडे असलेल्या प्रत्येक घराच्या जाहिरातीत त्याने एक रकाना वाढवला आणि त्याला नाव दिलं, 'आधीच सांगतो.' कुठे लूमचा आवाज, कुठे एक दिवसाआड पाणी, कुठे पार्किंग कागदावर आहे आणि जागेवर नाही. दोन मालक भांडले आणि घरं काढून घेऊन गेले. बाजूच्या गाळ्यातला एजंट हसला, "विशाल, दुकान बंद करायचा विचार आहे का?" विशाललाही पहिला महिना तीच धास्ती होती. घर बघायला येणारे खरोखरच कमी झाले. पण जे यायचे ते ऐकून, मन तयार करून आलेले असायचे. दहा जणांना फिरवून एकाचं जमायचं, तिथे आता चौघांत जमायला लागलं. संध्याकाळी तो घरी लवकर पोचायचा. आणि रात्री अंथरुणात पडल्यावर, कुणाला काय सांगितलंय आणि कुणाला काय नाही, हे घोकत बसायचं राहिलं नव्हतं. बायको म्हणाली, "आजकाल तुमी झोपेत बरबरत न्हाय."

माईंना न्यायला रुचिरा नाशिकहून यायची होती. त्याच्या आदल्या दिवशी आनंदीबाईंचं फर्मान आलं, "बाईंना घेऊन अकलोलीला ये. गरम पान्यान पाय बुरवल्याबिगर मी त्यांना जाऊ देनार न्हाय." विशालने गाडी काढली. गावाबाहेर पडेपर्यंत ट्रकांची रांग होती, मग रस्ता मोकळा झाला. भात कापून झालेली शेतं दिसायला लागली. वज्रेश्वरीला दर्शन झालं, आनंदीबाईंनी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि तिथून त्यांना आपल्या गावच्या कुंडावर घेऊन गेल्या.

आठवड्याचा मधला वार होता, गर्दी नव्हती. पाण्यावर वाफ धरली होती. माईंनी चपला काढल्या, साडी घोट्यांच्या वर घेतली आणि पाय घातला तसा "अगाई!" म्हणून झटकन वर घेतला.

"येकदम न्हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "आदी बोटं. मंग टाच. सवय झाली का सोरवनार न्हाय तुमाला."

माईंनी तसं केलं. थोड्या वेळाने त्यांचे दोन्ही पाय पोटरीपर्यंत पाण्यात होते आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

विशालचा मोबाइल वाजला. गोपाळनगरच्या एका फ्लॅटचा मालक होता. "अरे, ते वरच्या बाथरूमच्या गळतीचं काढून टाक ना. लोक नुसतं वाचतात आणि पुढे जातात."

"काका, त्यापेक्षा गळती काढून घ्या," विशाल म्हणाला. "मी ओळखीचा प्लंबर पाठवतो. झाली की लिहितो, दुरुस्त केली म्हणून. फोटोसकट."

काकांनी आधी प्लंबर किती घेईल ते विचारलं. मग, "बरं, पाठव."

त्याने मोबाइल शर्टाच्या खिशात टाकला. आनंदीबाई पलीकडच्या दगडावरून ओरडल्या, "तू काय उबा? पँट वर घे आन् ये की!" विशालने बूट काढले, मोजे आत कोंबले, आणि दोघींच्या शेजारी जागा करून बसला.